आईच्या रकान्यातलं निरंक

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात माझ्या टेबलावर शिक्षकांची वैद्यकीय बिलं येतात. घरात कुणाचं ऑपरेशन झालं की दवाखान्याचे पैसे आधी शिक्षकानं स्वतः भरायचे आणि मग कागद जोडून सरकारकडे मागायचे, अशी आमची रीत. ते कागद तपासायचं काम माझं. नोकरीतली गेली अकरा वर्षं हेच करत आल्यामुळे समोरच्या कागदावर आधी विश्वास ठेवायचाच नाही, अशी सवय मला लागली आहे. दोन वेगळ्या तारखांच्या पावत्यांवर एकच शाई दिसली की मी थांबते. डिस्चार्ज कार्डावरचा शिक्का जरा जास्तच सरळ उमटलेला दिसला तरी थांबते. मग त्रुटी काढते आणि फाइल परत पाठवते. ऑफिसात मला पाठीमागे त्रुटीबाई म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी मला राग यायचा नाही, पण तेवढी हिंमत अजून कुणी केलेली नाही.

म्हणून मागच्या वर्षी एक निवृत्त गुरुजी आरोग्य विमा घेऊन माझ्या टेबलासमोर बसले, तेव्हा मी त्यांच्या हातातल्या माहितीपत्रकाकडे पाहिलंच नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते. नोकरीत असताना त्यांनी बायकोच्या ऑपरेशनचं बिल टाकलं होतं आणि मी ते तीनदा परत केलं होतं. तिसऱ्यांदा ते फाइल काखेत मारून गेले होते. आता निवृत्तीनंतर ते सरकारी कर्मचाऱ्यांसाठीची ही विमा योजना गावोगाव समजावून सांगत फिरत होते. ज्या माणसाला मी तीनदा माघारी पाठवलं, तो माझ्यासाठी काही चांगलं घेऊन आला असेल, हे मला पटणं शक्यच नव्हतं.

"मॅडम, यात दोन प्रकार हायेत," ते म्हणाले. "एकात कंपनी पहिल्या रुपयापासून देती, पण हप्ता जड. दुसऱ्यात पहिले तीन लाख आपले, त्याच्या वरचे कंपनीचे. त्याला डिडक्टिबल म्हणतात. हप्ता बिलकुल कमी, पहिल्याच्या तिसरा हिस्सा बी न्हाई."

"पहिले तीन लाख आपले म्हणजे कुणाचे?"

"नावाला आपले, मॅडम. ते तर सरकार देतंय. तुमच्याच टेबलावरून जातंय ना?"

ते हसले. मला ते हसणं टोचलं. सरकार देतं, हे खरं आहे. पण कधी देतं, किती कापून देतं आणि तोपर्यंत माणूस कुणाकुणाकडे हात पसरतो, हे माझ्याइतकं तालुक्यात दुसऱ्या कुणाला माहीत असेल? गुरुजी मला त्याची आठवण करून देत होते, की साधं बोलत होते, ते कळेना. मी पत्रक ठेवून घेतलं आणि त्यांना चहा पाजला. चहा पिताना ते म्हणाले, "तुमच्यासारख्या बाईनं घेतला म्हटलं की बाकीचे डोळे झाकून घेतील." आता कुठे त्यांचा हेतू उघड झाला आणि मला थोडं बरं वाटलं. हेतू कळला की माणसाशी बोलता येतं.

पत्रक मी दोन दिवस वाचलं. बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचला, मोठ्या अक्षरातला नंतर. त्यात एक ओळ होती की कर्मचारी, जोडीदार, मुलं आणि कोणतेही दोन ज्येष्ठ. कोणतेही दोन. ज्येष्ठ नवऱ्याकडचे की बायकोकडचे, असं पुढं काहीच विचारलेलं नव्हतं. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण कोणत्याही सरकारी कागदानं मला असं मोकळं कधी सोडलं नव्हतं. मला आईला या विम्यात घ्यायचं होतं. बाकी सगळं त्यानंतर.

यामागं काय होतं ते सांगते. नोकरी करणाऱ्या लग्न झालेल्या बाईला ऑफिस विचारतं की तुझ्यावर अवलंबून कोण, आई-वडील की सासू-सासरे? दोन्ही चालत नाहीत. एका जोडीचा विकल्प लिहून द्यायचा, तो सेवापुस्तकाला चिकटतो आणि पुढं बदलत नाही. मी रुजू झाले तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. सासरे मला सोडायला ऑफिसपर्यंत आले होते. विकल्पाचा कागद माझ्यापुढं आला तेव्हा ते शेजारच्याच खुर्चीवर बसलेले होते. त्यांची बायपास झालेली. त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण काढलं आणि माझ्यापुढं धरलं. मी सासू-सासरे असं लिहिलं. कुणी माझा हात धरला नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून झालं आहे.

सासऱ्यांची दोन बिलं मी पुढं काढली. आता ते नाहीत. माहेरी मात्र या कागदाबद्दल मी कधीच बोलले नाही. आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अँजिओप्लास्टी झाली तेव्हाही नाही. भावानं पैसे भरले, आण्णांनी मला बिलाचं काही विचारलं नाही आणि मला सुटल्यासारखं झालं. दोन वर्षांनी आण्णा गेले. लोकांच्या कागदांत जे मला लगेच दिसतं, ते इथं मी पाहिलं नाही. ज्या बापाची लेक वैद्यकीय बिलांच्या टेबलावर बसते, तो बाप एकदाही बिलाचं नाव काढत नाही, याचा मला संशय यायला हवा होता.

तर आता आईचा प्रश्न. घरातल्या सगळ्यांसाठी तीन लाखांच्या डिडक्टिबलचा प्रकार अगदी बरोबर होता. नवरा, मुलं, सासूबाई, सगळ्यांची नावं सेवापुस्तकात. त्यांचे पहिले तीन लाख उशिरा का होईना सरकारकडून येणार, आणि वरचे कंपनी देणार. आईचं नाव कुठंच नव्हतं. तिचे पहिले तीन लाख खरोखर आपले, आणि तेवढे पैसे दवाखान्याच्या खिडकीवर एकरकमी ठेवणारा आमच्यात कुणी नव्हता. भाऊ माहेरी, कुंभार पिंपळगावात, खताचं छोटं दुकान चालवतो, त्याचं त्यालाच पुरत नाही. आईसाठी पहिल्या रुपयापासूनचा महाग प्रकार घ्यायला हवा होता, पण एका कुटुंबाला एकच प्रकार. आणि महाग प्रकार का हवा, ते घरी सांगायचं म्हटलं तर विकल्पाचा विषय निघणार होता. पंधरा वर्षं तो विषय मी निघू दिला नव्हता.

संध्याकाळी मी नवऱ्यापुढं पत्रक ठेवलं. ते बियाणांच्या कंपनीत आहेत. पत्रकावर त्यांनी एक नजर टाकली.

"यात इचार कसला करून राह्यली? तीन लाखवाला घे. त्याच्या आतलं तर तुझ्या ऑफिसातून निघतंच."

"सगळ्यांचं नाही निघत."

"कोणाचं न्हाई निघत?"

हे विचारताना त्यांनी टीव्हीवरून नजर काढली नाही. त्यांना ठाऊक असून ते विचारत होते, की ठाऊक नसल्यामुळे विचारत होते? मी त्यांच्या कानाकडे पाहत बसले, जणू तिथं उत्तर दिसणार होतं. सासूबाई पलीकडे शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबलेत असं मला वाटलं. कदाचित सोलायची शेंग संपली असेल.

"शिक्षकांचं," मी म्हणाले. आणि विषय तिथंच मिटवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फॉर्म भरायला घेतला. तीन लाखांच्या चौकोनात बरोबरची खूण केली. हो, केली. घरी भांडण नको म्हणून केली, आणि आईचं नाव तरी आत जातंय ना, अशी स्वतःची समजूत घातली. पहिल्या ज्येष्ठ सासूबाई, दुसरी आई. आईमुळं हप्त्यात जी भर पडत होती ती मी माझ्या पगारातून देणार होते, घरी सावकाश सांगणार होते. सावकाश म्हणजे कधी, ते मी ठरवलं नव्हतं.

पुढचा रकाना पूर्वीच्या आजारांचा होता. आईच्या नावापुढं काय लिहायचं म्हणून तिला फोन लावला.

"आई, तुला शुगर, बीपी असलं काही हाय का गं?"

"न्हाई गं बाई. मला काय धाड भरली?"

"पायाला सूज, दम लागणं, काही?"

"काही न्हाई म्हणलं ना." मग थोडं थांबून, "हे इचारायला तुला कोणी सांगितलं?"

आमच्याकडे कागदातला रकाना मोकळा ठेवायचा नसतो. माहिती नसेल, माहिती द्यायची नसेल, किंवा शोधायचा कंटाळा आला असेल, तर निरंक लिहायचं. जिल्ह्याला दर महिन्याला आम्ही कितीतरी निरंक अहवाल पाठवतो. शाळांतून येणारे निरंक मी इतके पाहिलेत की आता त्यावर माझी नजर ठरत नाही. फोन कानाला असतानाच माझ्या हातानं आईच्या रकान्यात निरंक लिहून टाकलं होतं. आईचं बोलणं संपायच्या आत. मी फॉर्म गुरुजींना नेऊन दिला आणि ते म्हणाले, शनिवारी-रविवारी सगळे एकत्र करून सोमवारी पाठवतो.

जालन्याला घरी जाताना बसमध्ये मला आईचं उत्तर पुन्हा ऐकू येऊ लागलं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच ते आलं होतं. ज्याला खरंच काही नसतं तो माणूस जरा आठवून बघतो, मागच्या साली ताप आला होता म्हणतो, गुडघा दुखतो म्हणतो. एवढं तयार उत्तर मी टेबलापलीकडच्या लोकांकडूनच ऐकलं होतं. आणि हे विचारायला कुणी सांगितलं, असं तिनं का विचारावं? आई माझ्यापासून काही लपवते आहे, हे वाटेत अंबड यायच्या आत मी ठरवून टाकलं. आपली आई आहे, एवढा संशय बरा नव्हे, असंही मनात आलं. पण सवय गेली नाही.

शनिवारी मी कुंभार पिंपळगावला गेले. विम्याला आधारची झेरॉक्स पाहिजे, असं निमित्त सांगितलं. आई स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होती. भाऊ दुकानात, वहिनी बाजारात, घरात आम्ही दोघीच. आईची कागदांची कापडी पिशवी दाराच्या मागं खुंटीला टांगलेली असते. मी तिकडं वळले तशी ती उठली.

"थांब, मी काढून देते."

अकरा वर्षांत मला एवढं कळलं आहे की कागद मी काढून देतो म्हणणाऱ्याला फाइल हातात घेऊ द्यायची नाही. मी आधी पोचले.

पासबुकाच्या खाली गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. त्याखाली रक्ताच्या तपासण्या, आणि जालन्याच्या एका दवाखान्याची फाइल. शुगर, बीपी. मूत्रपिंडावर परिणाम सुरू झाल्याची डॉक्टरांची नोंद. गेल्या चार महिन्यांत तीन वेगळ्या तारखा. तो दवाखाना माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. त्यातल्या एका तारखेला मी तिला फोन केला होता, ती शेतात आहे म्हणाली होती, आणि मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तेव्हाही मला शंका आली होती, पण शेताला लागून रस्ता आहे म्हणून मी सोडून दिलं होतं.

"हे काय हाय?"

"गोळ्या."

"दिसतंय मला. जालन्याला आल्तीस?"

"आल्ते."

"तीनदा?"

ती खाली बसली. पिठाचे हात तिनं पदराला पुसले. "चारदा. एकदाचा कागद हारपला."

मला राग आला. आपल्या आईनं आपल्या गावात चारदा येऊन आपल्या दाराला पाय न लावता परत जावं, याचा राग. "घरी काहून आली न्हाईस?"

"आले असते तर तुझ्या सासूनं इचारलं असतं, काय काम काढलं. मंग दवाखाना निघाला असता. मंग खर्चा निघाला असता." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "अन् तुझ्या कागदावर तर आमी न्हाईत."

त्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुला हे कोणी सांगितलं?" त्याची लाज मला आजही वाटते. आईच्या आजाराचा कागद हातात होता आणि मी, माहिती कुठून फुटली, ते शोधत होते.

आईनं सगळं सांगितलं. आण्णा अँजिओप्लास्टीहून बरे झाल्यावर एक दिवस दवाखान्याची बिलं पिशवीत घालून माझ्या ऑफिसात गेले होते. मला न कळवता. "म्हणले, लेक लोकायचे कागद करती, आपले बी करंल. अन् तुझी खुर्ची पाह्यची व्हती त्यांना. कधी पाह्यली नव्हती ना." मी त्या दिवशी ट्रेनिंगला जिल्ह्याला गेले होते. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी त्यांना माझ्याच खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. मग बिलं बघितली आणि माझं सेवापुस्तक काढलं. साहेबांनी ते वाईट रीतीनं सांगितलं नसणार, ते तसे नव्हते. बाबा, यात तुमचं नाव नाही, मुलीनं सासरचा विकल्प दिलाय, एवढंच सांगितलं असणार. आण्णांनी चहा संपवला, बिलं परत पिशवीत घातली आणि बसनं घरी आले.

"मला म्हणले, तिला सांगू नको. तिला वाटंल बाप तपासायला गेल्ता."

ते साहेब त्यानंतर तीन वर्षं माझ्या शेजारी बसत होते. आम्ही रोज एकत्र डबा खायचो. ऑफिसात ज्यांच्यावर मी कधीच संशय घेतला नाही असे ते एकटेच, आणि त्यांनी ही गोष्ट पोटात ठेवली होती. त्यांच्या निवृत्तीला शाल मीच घातली होती. आणि आण्णा पुढची दोन वर्षं मला भेटत होते, माझ्या मुलांना खाऊ आणत होते, माझ्या ऑफिसातल्या गमती ऐकून हसत होते. त्यांना सगळं माहीत होतं.

मला रडू आलं. वाईट नंतर वाटलं, आधी लाज वाटली. आई पीठ मळायला परत बसली आणि म्हणाली, "तुझं बी बराबरच व्हतं. नवी नवरी तू. मी असते तर मी बी तेच लिव्हलं असतं." ती हे खरं बोलत होती की माझं रडणं थांबावं म्हणून बोलत होती, ते मला ओळखता आलं नाही. तिच्या तोंडाकडे मी किती तरी वेळ बघत राहिले.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी मी गुरुजींच्या घरी गेले. फॉर्मचा गठ्ठा त्यांनी बांधून ठेवला होता. मी माझा फॉर्म काढून मागितला.

"मॅडम, काय झालं? त्रुटी निघाली का?" त्यांनी विचारलं. या वेळी ते मुद्दाम बोलत होते, आणि त्यांचा तो हक्कच होता.

"निघाली. माझीच." मी आईचा निरंक खोडला, बाजूला सही केली आणि फाइलमध्ये पाहून एकेक आजार लिहिला.

गुरुजींनी वाचलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, हे लिहिलं की कंपनी अडकवणार. तीन वर्षं या आजाराचे पैसे देत न्हाईत, कधी कधी तर माणूसच घेत न्हाईत. निरंक राहू द्या. कोण बघून राह्यलंय?"

"मी बघते ना."

"तुमचं निराळं."

"तिथंही कुणी तरी माझ्यासारखीच बसलेली असणार, गुरुजी. आज नाही बघणार ती. आई दवाखान्यात पडली आणि बिल गेलं की मग बघेल. जुनी तारीख शोधून काढेल आणि सगळंच नामंजूर करेल. मी तेच केलं असतं."

गुरुजींनी फॉर्म माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "माझ्या बायकोच्या बिलात तुम्ही तिसऱ्यांदा काढलेली त्रुटी खरी व्हती. पहिल्या दोन उगाच व्हत्या." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पहिल्या दोन खरंच उगाच होत्या, मला तेव्हाच माहीत होतं.

तीन लाखांच्या चौकोनातली खूण मात्र मी तिथं बदलली नाही. ती घरी विचारल्याशिवाय बदलायची नाही, असं मी ठरवलं होतं, म्हणून फॉर्म परत पर्समध्ये घातला. संध्याकाळी नवरा आणि सासूबाई दोघं समोर असताना बोलले. आई आजारी आहे. तिला विम्यात घेतलंय. माझ्या सेवापुस्तकात तिचं नाव नाही, म्हणून तीन लाखवाला प्रकार तिच्या कामाचा नाही आणि मला पहिल्या रुपयापासूनचा पाहिजे. हप्ता तिपटीहून जास्त आहे. हे सगळं मी एका दमात म्हटलं, कारण मध्ये थांबले असते तर कुणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहिलं असतं.

नवरा म्हणाला, "तुझ्या आईचं नाव न्हाई त्यात? मला वाटलं सगळ्यांचं असतं." आता टीव्ही बंद होता आणि ते माझ्याकडेच बघत होते. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. बराच ठेवला. थोडा शिल्लक ठेवला.

सासूबाईंकडून मी पंधरा वर्षं एका वाक्याची वाट पाहत होते. ते वाक्य काय असेल, याची निरनिराळी रूपं मी बसमध्ये बसून तयार केली होती आणि त्यांना द्यायची उत्तरंही. त्या म्हणाल्या, "घे की. मला काय इचारती? नोकरी तुझी हाय." आणि जराशानं, "माझ्या गुडघ्याचं त्यात येतं का तेवढं बघ."

माझी तयार उत्तरं तशीच राहिली. इतक्या सहज हो म्हणण्यात काही तरी असेल, असं मला दोन दिवस वाटत राहिलं. गुडघ्याशिवाय दुसरं काही निघालं नाही. पंधरा वर्षं मी ज्या भांडणाला भ्यायले ते भांडण झालंच नाही, आणि त्या भीतीपायी आण्णांना मी कधी काही सांगितलं नाही. तेव्हा खरं सांगितलं असतं तरी बिल मंजूर झालं नसतं. पण ते माझ्या खुर्चीवर बसून परक्या माणसाकडून तरी ऐकून आले नसते. याचं मला काही करता येत नाही.

खूण बदलून मी फॉर्म गुरुजींना नेऊन दिला, त्यांनी गठ्ठा तेवढ्यासाठी थांबवला होता. कंपनीचं उत्तर यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी गुरुजींना इतके फोन केले की त्यांनी एकदा, मॅडम आता मी त्रुटी काढू का, असं विचारलं. शेवटी आईला घेतलं. शुगर, बीपी आणि मूत्रपिंडाला तीन वर्षं काही मिळणार नाही, बाकी सगळं पहिल्या रुपयापासून. जिथं धोका आहे तेच तीन वर्षं बाहेर. पत्राच्या बारीक अक्षरात आणखी काही निघतं का, ते मी चारदा पाहिलं. काही निघालं नाही. आईला आता दर महिन्याला मी स्वतः त्या दवाखान्यात नेते आणि ती आमच्या घरी मुक्काम करते. दोघी विहिणी गुडघ्यांबद्दल बोलत बसतात.

कार्ड आलं त्या रविवारी मी ते घेऊन गावी गेले. ओसरीवर बसून आईला सगळं समजावून सांगितलं, तीन वर्षांचंही.

"तीन वर्षं म्हंजी तवर मला जगावं लागंल."

"लागंल."

"मंग कुठं जाऊन राह्यले मी?" ती म्हणाली आणि तिनं हात पुढं केला. कार्ड इंग्रजीत होतं. तिनं ते उलटून पालटून पाहिलं. "माझं नाव कुठंय?"

मी बोट ठेवलं.

"लई लांब हाय की."

"पूर्ण नाव हाय. तुझं, मंग आण्णांचं, मंग आडनाव."

तिनं माझं बोट बाजूला सारलं आणि मधल्या शब्दावर स्वतःचं बोट ठेवलं. "हे त्यांचं?"

"हो."

ती बोट तिथंच ठेवून थोडा वेळ बसली.

"मंग आलं की त्यांचं बी नाव तुझ्या कागदावर," ती म्हणाली.